पळण्यात नापास

आबा, साताऱ्याच्या मैदानावर मी पडलो नव्हतो. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत आहे. तुम्हाला जाऊनही आता इतकी वर्षं झाली की हे माहीत असलेला मी एकटाच उरलोय. परवा गावच्या जत्रेला गेलो होतो. देवळापुढं एक म्हातारा नातवाला माझी ओळख करून देत होता, "ह्यो उस्तादांचा थोरला. भरतीत पळताना पडला बघ, न्हायतर आज मिलिटरीची पेन्शन खाल्ली असती." ते पोरगं सरळ माझ्या पायांकडे बघायला लागलं. सत्तरीला टेकलो तरी माझ्या पायांची चौकशी काही संपत नाही. मी नेहमीसारखा हसलो, प्रसाद घेतला आणि घरी आलो. घरी आल्यावर मात्र हसू टिकलं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय.

पलटणीत तुम्ही पीटीचे उस्ताद होता. आपल्या गावात घराघरात फौजी, तरी नुसतं 'उस्ताद' म्हटलं की तुम्हीच. पेन्शनीत आलात तरी शिट्टी गळ्यात होतीच, तिची दोरी घामानं काळी पडलेली. आणि अशा माणसाचा थोरला मुलगा मी, एवढा जाड की दारातून अंग चोरून आत येणारा. बाहत्तरचा दुष्काळ पडला तेव्हा पूर्वेकडची माणसं आपल्या भागात खडी फोडायला आली होती. सरकारनं वाटलेल्या सुकडीवर दिवस काढत होती बिचारी. आपल्याकडे नदीच्या पाण्यावर थोडाफार ऊस तगला होता, पण ताटात रेशनच्या लाल मिलो ज्वारीचीच भाकरी होती आणि तीही जपून. मी सगळ्यांइतकंच खात होतो आबा, जास्त घास नाही. तरी अंग सुटतच गेलं, ते का सुटलं हे मला आजही कळलेलं नाही. खडीच्या कामावरून जाताना एक बाई पोराला म्हणाली, "त्यो बघ, ह्येला दुष्काळ घावलाच न्हाई." तुम्ही माझ्या मागंच चालत होता. घरी आल्यावर आईनं वाढलेलं माझं ताट तुम्ही उचललंत, बाहेर नेऊन म्हशीपुढं ठेवलंत आणि म्हणालात, "ही दूध तरी दील." त्या दिवसानंतर मी तुमच्यासमोर कधी जेवलो नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल.

पुढं झोपेत माझा श्वास अडकायला लागला, चार पायऱ्या चढलो की ओठ काळेनिळे पडायचे. आई तुमच्या मागं लागली तेव्हा पॅसेंजरनं मिरजेला नेलंत. तिथं परदेशी शिकून आलेले एक सर्जन होते. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. आतड्याचा मोठा भाग वगळायचा आणि वरचं टोक खालच्याला जोडायचं, म्हणजे खाल्लेलं सगळं अंगी लागणार नाही. ऑपरेशन नवीन आहे, धोका आहे, पण मुलगा असाच राहिला तर फार वर्षं काढणार नाही, असं ते म्हणाले. तुम्ही चित्र नीट बघितलंत आणि एकच विचारलंत, "मग ह्यो पळंल का?" डॉक्टर हसले, "आधी चालू द्या त्याला." तुम्ही सही केलीत. पोट माझं होतं, पण मला कुणी काही विचारलं नाही. खरं तर विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, कारण तुमच्या डोक्यात भरती होती हे मला कळलं होतं आणि माझ्या डोक्यातही दुसरं काही नव्हतं. मला तुमच्यासारखं व्हायचं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघावं, एवढंच हवं होतं.

दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा पोटात निखारे ठेवल्यासारखं वाटत होतं. सिस्टरनं दुसऱ्याच दिवशी उठवून बसवलं. पोटावर उशी दाबून खोकायला लावायची, रबरी हातमोजा फुगवायला द्यायची, छातीत कफ धरू नये म्हणून. मी खोकायचो आणि डोळ्यांतून पाणी यायचं. तुम्ही खाटेच्या पायथ्याशी उभे. "कोंबडीगत काय खोकतूस रं? जोर लाव!" सगळा वॉर्ड वळून बघायचा. शेवटी त्या सिस्टरनं तुम्हाला दार दाखवलं, "बाबा, बाहेर व्हा तुम्ही." उस्तादाला बाहेर काढणारी ती पहिली. मला हसू आलं, टाके इतके ताणले की हसणंही अंगाशी आलं.

घरी आल्यावर आईनं मला बाळंतिणीसारखं ठेवलं. तिची चूक नाही, पोट मोकळं झालं की काय करायचं हे तिला तेवढंच माहीत होतं. तिनं बाजेखाली शेगडी ठेवली, डोक्याला फडकं बांधलं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, वर तुपाची धार. आत आखूड झालेल्या आतड्याला ते कुठलं झेपणार? पोटात गेलं की तसंच बाहेर. मी दिवसभर तांब्या घेऊन परसात पळत होतो आणि आई म्हणत होती, ताकद न्हाई म्हणून हुतंय, आणखी एक लाडू खा. मग तुम्हाला लाडवांचा डबा सापडला. शेजारच्या बायका विचारपूस करायला आल्या होत्या, त्यांच्यासमोर तुम्ही डबा उकिरड्यावर पालथा केलात आणि आईला विचारलंत, "काय झालं गं ह्येला? पोरगा का पोरगी?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आईपण हसली, तुम्हाला भिऊन. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तुमचं म्हणणं बरोबर होतं आबा, त्या लाडवांनी मी मेलो असतो. पण बरोबर असलेली गोष्ट एवढ्या घाण तोंडानं सांगायची कला तुम्हालाच साधली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुम्ही ट्रंकेतून तुमचा पलटणीचा पट्टा काढलात, पितळी बकलाचा. आईच्या जुन्या लुगड्याची घडी माझ्या टाक्यांवर ठेवून त्यावरून तो आवळलात. "टाका उसवला तर मला सांगायचं. बाकी काय दुखलं तर सांगायचं न्हाई." तुम्ही मला जन्मात दिलेली वस्तू ती एकच. आधी अंगणात फेऱ्या, मग वेशीपर्यंत, मग पाटाच्या कडेनं. तुम्ही सायकलवर मागं, तोंडात शिट्टी. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, केळी खायला सांगितली होती, मीठपाणी सांगितलं होतं, चक्कर आली की बसायला सांगितलं होतं. त्यातलं चालायचं तेवढं तुमच्या ध्यानात राहिलं. पळता पळता परसाकडला लागायचं आणि मी उसात शिरायचो. तुम्ही बांधावर सायकल टेकवून मी बाहेर येईपर्यंत शिट्टी वाजवत राहायचा. शाळेला निघालेली पोरं थांबायची. "उस्ताद, आत कोन हाय वं?" आणि तुम्ही गंभीरपणे सांगायचा, "जवान हाय. मोर्च्यावर गेलाय." पोरं हसून लोळायची. पुढं कितीतरी वर्षं मला बघितलं की गावातली पोरं तोंडानं शिट्टी मारायची. माझे केस हातात यायला लागले होते, नखं पिचत होती. संध्याकाळी तुम्ही माझ्या पोटऱ्यांना तेल लावून रगडायचा, तेही शिव्या देत देत. त्या शिव्यांची मला सवय लागली. तुम्ही गप्प असलात की जास्त भीती वाटायची.

आणि तरी पट्टा सैल होत गेला. बकलाला जुनी भोकं पुरेनात, तुम्ही खिळा तापवून नवीन पाडत होता. एक दिवस पाटावर मी तुमच्या सायकलीच्या पुढं गेलो. तुम्ही थांबायची शिट्टी दिलीत आणि मी थांबलो नाही. घरी आल्यावर वाटलं आता फटका बसणार. तुम्ही फक्त म्हणालात, "साताऱ्याला भरती हाय. जायाचं."

साताऱ्याच्या मैदानावर त्या दिवशी माणूसच माणूस होतं, पण आपल्या गावचं दुसरं कुणी नव्हतं. आम्ही बनियन आणि चड्डीवर, धूळ उडत होती. मैलभर पळायचं होतं. मी पहिल्या काही पोरांत आलो, आबा. दम लागला, घशात रक्ताची चव आली, पण मी पडलो नाही, अडखळलोसुद्धा नाही. पास झालेल्यांच्या हातावर शिक्का मारत होते, जांभळ्या शाईचा. माझ्याही हातावर मारला. मग तंबूत डॉक्टरांपुढं रांग. बनियन काढलं. डॉक्टरसाहेबानं माझ्या पोटावरच्या व्रणावर बोट ठेवलं, वरून खालपर्यंत नेलं, आणि विचारलं, "ये क्या है?" मी सांगितलं, वडील पलटणीत उस्ताद होते हेही सांगितलं. त्यानं तुम्हाला आत बोलावलं. तुम्ही कडक सॅल्यूट ठोकलात. "उस्ताद, इतने साल फौज में रहे," तो म्हणाला, आणि तो रागावला नव्हता, त्याला खरोखर नवल वाटत होतं. "पेट खोला हुआ लड़का नहीं लेते, मालूम नहीं था?" तुम्हाला खरंच माहीत नव्हतं. तुमच्या हाताखाली आली ती सगळी पोरं डॉक्टरच्या हाताखालून निघून आलेली. नापास झालेला पोरगा तुमच्या ड्रिलच्या मैदानावर कधी पोहोचलाच नव्हता. वजन, छाती आणि पळणं, एवढंच तुमच्या लेखी भरतीचं शास्त्र होतं. माझं पोट फाडून तुम्ही मला फौजेसाठी तयार केलंत, आणि पोट फाडलं म्हणूनच फौजेनं मला परत पाठवलं. तुम्ही तसेच सावधानमध्ये उभे राहिलात. तंबूतली पोरं बघत होती. माझ्याकडे नाही, तुमच्याकडे. मला तुमची दया आली. वेडा होतो.

एसटीनं परत निघालो. कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. नळावर मला घेऊन गेलात आणि म्हणालात, "हात कर." मला वाटलं धूळ धुवायला सांगताय. तुम्ही माझा हात नळाखाली धरलात, जमिनीवरची माती घेतलीत आणि तो जांभळा शिक्का घासायला लागलात. शाई पक्की होती. तुम्ही कातडी लाल होईपर्यंत घासलात. "आबा, दुखतंय," मी म्हटलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच म्हटलं. "गावात काय सांगायचं ते मी सांगंन," तुम्ही म्हणालात. "तू त्वांड उघडायचं न्हाई." आणि त्याच संध्याकाळी पारावर, सगळ्या फौजी मंडळींसमोर, माझ्या देखत सांगितलंत, "पळताना पडलं. दमच न्हाई पोरात. किती तयारी करून घेतली मी, पर आतनंच न्हाई तर काय करायचं?" सगळ्यांनी मान हलवली, चू चू केलं. तुमच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवला. आईलाही तुम्ही तेच सांगितलंत. रात्री तिनं मला जवळ घेऊन विचारलं, "लय लागलं का रं, पडलास तवा?" मी म्हटलं, "न्हाई." ती तेच खरं मानून गेली.

पुढं मला साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी लागली. गावाला आयतंच खाद्य मिळालं, काट्यावर कोण बसलाय बघा म्हणून. मी वाट बघत राहिलो. लग्न झालं, पोरं झाली, तरी वाटायचं एक दिवस तुम्ही पारावर म्हणाल, आरं, ते पोरगं पळालं हुतं. तुमचं अंग लुळं पडलं तेव्हा मी रजा काढून उशाशी बसलो. सेवा केली असं लोक म्हणतात. म्हणोत. मी ते एक वाक्य ऐकायला बसलो होतो. शेवटच्या आठवड्यात तुमचा पलटणीतला एक सोबती भेटायला आला. त्यानं माझ्याकडे बोट करून विचारलं, "ह्यो काय करतोय?" तुमची जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. तेवढे कष्ट घेऊन तुम्ही म्हणालात, "काट्यावर हाय. पळन्यात गेला." मी तुमच्या तोंडावरची लाळ पुसली. त्या क्षणी मी तुमचा जेवढा द्वेष केला तेवढा आयुष्यात कुणाचा केला नाही, आणि लाळ मात्र हळूच पुसली, हनुवटीला टोचू नये म्हणून.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. तुमचा पट्टा अजून माझ्या कपाटात आहे, त्याच्याखाली ठेवून देतो. गावालाही काही सांगणार नाही. खरं सांगितलं तर तुम्ही खोटे पडाल, आणि का कुणास ठाऊक, ते मला बघवायचं नाही.

एक गोष्ट वर लिहायची टाळली. पळताना मागं बघायचं नाही, ही तुमचीच शिकवण. पण शेवटच्या वळणावर मी बघितलं. तुम्ही दोरीच्या पलीकडे होता, शिट्टी गळ्यात तशीच लोंबत होती. तुम्ही शेजारच्या कुणातरी अनोळखी माणसाचा दंड धरून मला दाखवत होता आणि हसत होता. आवाज येत नव्हता, पण ओठांवरून कळलं, "माजा हाय त्यो." शिक्का पुसलात, पण तेवढं तुम्हाला पुसता आलं नाही. आबा, तुम्ही पुन्हा एकदा तसं बघणार असाल, तर मी उद्या पहिल्या गाडीनं मिरजेला जाऊन ऑपरेशनच्या त्या टेबलावर आडवा होईन.