किंकाळी एका फेरीपुरती बंद ठेवण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
नगरपालिका मनोरंजन उद्यान,
बान नाखाम.

विषय : 'परिचारिकेचा मनोरा' या पाळण्यातील वाद्ये व ध्वनिमुद्रित किंकाळी एका फेरीपुरती बंद ठेवणे, तसेच नवस फेडू देणे.

संदर्भ : मातृदिनाची दुपारची फेरी, आसन क्र. ५ व ६.

महोदय,

खाली सही करणार खामसिंग वोंगसा, वय ६३, निवृत्त पोस्टमन, घर क्र. ८७, वस्ती क्र. ४, बान नाखाम, आपणास नम्रपणे कळवितो की,

१. प्रथम गुन्हा कबूल करतो. सदर उंचावरून कोसळणाऱ्या भुताच्या पाळण्यासाठी एकशे वीस सेंटिमीटर उंची लागते. माझी नात नुई, वय ८, दोन बोटे कमी भरते. मी तिच्या बुटांत वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या. त्या दिवशी शाळेत सर्व मुले आपापल्या आईच्या पाया पडली. नुईच्या आईला रायोंगच्या कारखान्यातून रजा मिळाली नव्हती. पोरीचा चेहरा मला बघवेना, म्हणून "काय पाहिजे ते माग" असे बोलून बसलो. तिने मनोरा मागितला.

२. बसताना ती म्हणाली, "आजोबा, खाली येईपर्यंत हात सोडायचा नाही हं." मी म्हणालो, "नाही सोडणार."

३. सातव्या मजल्यावर दार उघडले आणि ती पांढऱ्या कपड्यातली परिचारिका कंदील घेऊन आमच्यावर वाकली. महोदय, माझी पाचावर धारण बसली. समोर दुसरे कोणी नसल्याने मी तिलाच नवस बोललो. नवस एका हाताने बोलता येत नाही, हे आपण जाणताच. मी नुईचा हात सोडला आणि दोन्ही हात जोडले. नंतर मोठ्याने म्हणालो, की खामसिंग वोंगसा, घर क्र. ८७, वस्ती क्र. ४, यास सुखरूप खाली उतरव, नव्व्याण्णव उकडलेली अंडी आणि लाल सरबताच्या नऊ बाटल्या वाहीन. चाळीस वर्षे टपाल वाटल्यामुळे पूर्ण पत्ता आपोआप तोंडात आला. शेजारच्या आसनावरच्या मुलीचे नाव मात्र आले नाही.

४. खाली आल्यावर मी ओकलो. नुईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारले, "माझं नाव का नाही घेतलं?" मी खोटे बोललो, मनात घेतले होते म्हणून. ती म्हणाली, "मनातलं तिला कसं ऐकू जाणार? घरनंबर तर ओरडून सांगितलात."

५. तेव्हापासून ती माझ्या मोटरसायकलवर बसत नाही. शाळेपर्यंतचे दोन किलोमीटर पायी जाते आणि मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागून जातो. रस्ता ओलांडताना हात पुढे केला तर दप्तराचा पट्टा धरते. माझी पत्नी बुआलोय म्हणते, "अख्ख्या गावाची नावं तोंडपाठ होती की. घरातलंच तेवढं विसरलात?" मला खरोखर लाज वाटते.

६. गेल्या शनिवारी मी अंडी घेऊन आलो होतो. दारावरच्या ताई म्हणाल्या, "काका, ती प्लास्टरची आहे हो." मी म्हणालो, "असेल, पण उतरवलं तर तिनंच ना?" मग त्यांनी आवाज खाली करून सांगितले, की तिथले कामगारही रोज सकाळी तिच्यापुढे सरबत ठेवतात, फक्त साहेबांना सांगू नका. ते मी आता आपणास सांगितले, याबद्दल त्या ताईंची माफी मागतो. कृपया चौकशी करू नये. अंडी मात्र आत नेऊ दिली नाहीत, ती आम्ही चार दिवस खाल्ली. न फेडलेल्या नवसाची अंडी खाल्ल्याचे पाप आणखी वेगळे.

७. तरी विनंती, की मला एकट्याला पुन्हा वर जाऊ द्यावे. पहिला नवस फेडून मी नुईच्या नावाने दुसरा बोलणार आहे. उंची भरत नसल्याने ती खाली कठड्याशी उभी राहील. तिची अट आहे, की तिला तिथपर्यंत ऐकू आले पाहिजे, म्हणून वाद्ये व किंकाळी बंद हवी. तसेच, "नुसतं नुई म्हणायचं नाही, आमच्या वर्गात तीन नुई आहेत," असेही तिने बजावले आहे. दोन्ही हात जोडावेत की एक बाजूच्या रिकाम्या आसनावर ठेवावा, हे माझे अजून ठरलेले नाही.

८. दार उघडल्यापासून पाळणा कोसळेपर्यंत फार तर चार सेकंद मिळतात. तेवढ्यात पूर्ण नाव बसावे म्हणून रोज सकाळी तिच्या मागून गाडी चालवताना मी ते मोठ्याने म्हणतो. भाजीवाल्या हसतात, हसू देत. इतके दिवस तिने एकदाही मागे वळून पाहिले नव्हते. काल विहाराच्या वळणावर ती थांबली, वळली आणि म्हणाली, "आडनाव चुकलं. ते तुमचं आहे. माझं बाबांचं आहे." जावयाशी पटत नसल्याने ते आडनाव मी आठ वर्षे घरात उच्चारले नव्हते. आता म्हणतो.

आपल्या होकाराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
खामसिंग वोंगसा
दि. २९ ऑगस्ट, बुद्ध संवत २५६७

सोबत :
१. फेरीत आपोआप निघालेला फोटो. माझे हात जोडलेले आहेत, तिचा एक हात उघडाच पसरलेला आहे.
२. वर्तमानपत्राच्या घड्या, दोन नग.
३. 'कन्यारत सिवोराफोंग' असे नुईचे कागदोपत्री पूर्ण नाव लिहिलेला वहीचा कागद. अक्षर तिचे आहे. आज सकाळी माझ्या चपलेत ठेवलेला मिळाला.