दुपारचे दोन अंश

महागाव,
४ नोव्हेंबर २००१

चि. मैत्रेयीस,
सत्यशीलामावशीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र नाही का निरोप नाही. नागपुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकता शिकता पेन धरणं विसरली काय? इथं आमच्या बचत गटातल्या बायांनी नवीन नाद लावून घेतला आहे. कापसाच्या भावाची वाट पाहून साऱ्या कंटाळल्या, म्हणून आम्ही पिशव्यांत सोयाबीनचं वाळलं कुटार भरून त्याच्यावर अळिंबी, म्हणजे तुमचं मश्रूम, लावून राह्यलो. आमच्याच आवारात झोपडी बांधली, आतून ओले बारदाने टांगले. तरी पहिली खेप वाळून गेली. दुसरीही गेली तर बाया पुन्हा माझं ऐकायच्या नाहीत. शिकवणारे सर म्हणाले, आतली उष्णता अन् ओल दोन्हीवर नजर पाहिजे. गटातली मानीबाई म्हणते, आपल्याले घाम आला का समजायचं. पण तिले थंडीतही घाम येते.

रेडिओ खोलून जोडणारी मावशी तुले ठाऊकच आहे. आता मले सेन्सर जोडायचा आहे. उमरखेडच्या दुकानदारानं थर्मिस्टर अन् एलएम पस्तीस असे दोन दाखवले. कोणता घेऊ म्हटलं, तर म्हणे दोन्ही चांगले. तूच सांग.

तुझे काका यात नाहीत. यंदाचाही कापूस हातचा गेला तेव्हापासून रात्रभर पलंगावर बसून राह्यतात. गोळ्या झाल्या, काढे झाले. डोळ्याले डोळा लागत नाही.

घरच्या साऱ्यांची तुझ्यावर माया आहे, ती वापरत जा.
तुझी मावशी

---

नागपूर,
९ नोव्हेंबर

ती. मावशीस,
मैत्रेयीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून वसतिगृहाच्या जिन्यात एकटीच हसत बसले. माझी मावशी या वयात सेन्सर मागते, हे मी सगळ्या मैत्रिणींना सांगून टाकलं आहे.

थर्मिस्टर स्वस्त, पण त्याचा आकडा सरळ वाढत नाही. दर वेळी तक्ता काढून हिशेब करावा लागतो, आणि तुला तेवढा धीर कुठला? एलएम पस्तीसच घे. दहा मिलिव्होल्ट म्हणजे एक अंश, मीटरवर थेट वाचायचं. ओल मोजणारा सेन्सर फार महाग आहे, त्याऐवजी एलएम पस्तीसच दोन लाव. दुसऱ्याला पातळ प्लास्टिकात घालून वरून ओला कापूस गुंडाळ. दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक जास्त, तेवढी हवा कोरडी. मीटर बाहेर ठेव, तारा आत सोड, म्हणजे सारखं दार उघडावं लागणार नाही.

काकांची फार काळजी वाटते. त्यांना माझा जयभीम सांग, उत्तर नाही दिलं तरी सांग.

लोभ आहेच, तो तसाच ठेव.
तुझी मैत्रेयी

---

महागाव,
१८ नोव्हेंबर

चि. मैत्रेयीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझा एलएम पस्तीस खोटारडा निघाला. सकाळी पंचवीस दाखवते, संध्याकाळी पंचवीस दाखवते, अन् भर दुपारी दोन अंश चढते. ओलही तेव्हाच उतरते. बारदाने तर आम्ही जेवणाआधीच भिजवून येतो, मग हे काहून?

कुल्फीवाल्याकडून बर्फ आणून दोन्ही सेन्सर पिशवीत घालून त्यात बुडवले. त्यानं विचारलं, घरात कोणाले ताप आहे? मी म्हटलं, झोपडीले. दोन्ही आकडे शून्यापाशी आले. म्हणजे बिचारे खरं बोलून राह्यले. मग खोटं कोण बोलते?

लवकर लिही, नाहीतर मी नागपूरले येऊन बसते.
तुझी मावशी

---

नागपूर,
२२ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सेन्सर खरे असतील तर झोपडीत काहीतरी घडतं आहे. मला वाटतं, दुपारी दार उघडं राहतं. आता मीटर बाजूला ठेव आणि आत जाऊन बघ. एकटी जाऊ नको, माकड असलं तर चावेल.

तुझी काळजीत पडलेली, तरीही हसणारी,
मैत्रेयी

---

महागाव,
५ डिसेंबर

चि. मैत्रेयीस,
सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी आम्ही झोपडीवर चाल करून गेलो. मानीबाई झाडू घेऊन पुढे, गटातलीच विमलताई काठी घेऊन मागे, मी मधात. दार बोटभर उघडं होतं. आतून घुरघुर ऐकू आली तशी विमलताई म्हणाली, रानडुक्कर आहे, अन् मागच्या मागे पळाली.

आत तुझे काका झोपले होते. अळिंबीच्या पिशव्यांच्या मधात, ओल्या बारदान्याखाली, तोंड उघडं टाकून. बाया हसल्या तसे जागे झाले अन् चोरासारखे उठून बसले. मी रागवायले तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, “इथं झोप येते मले, सत्यशीला.”

त्यानंतर कोणी हसलं नाही.

मग मानीबाईनं तिथंच सभा भरवली. ठरलं असं, का काकांनी झोपडी सांभाळायची. झोपायचं ते दार लावून, अळिंबीची भुकटी छातीत जाऊ नये म्हणून नाकावर रुमाल बांधून, अन् उठल्यावर बारदाने भिजवायचे. ते म्हणाले, मीटरही मीच पाहीन. मले जरा राग आला, पण दिला.

अळिंबी अशी फुटली का पिशव्या दिसेनात. बाजारात विकायलेही तेच गेलते. गिऱ्हाइकाले सेन्सर समजावून सांगत बसतात, एलएम पस्तीस म्हणतात अन् भाव विसरतात. विमलताई बाजूले बसून पैसे घेते.

आता रात्री घरीही झोपतात, अन् असे घोरतात का भिंत हालते. मी जागीच पडून असते, मैत्रेयी, अन् मले त्याचं काही म्हणजे काहीच वाटत नाही.

परीक्षा झाली का ये. तोवर आमच्यावर असाच जीव लावून राह्य.
तुझी मावशी