फुकट नव्हे, मोकळी

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, धंदा एक असा नाही, उद्या सकाळी शिडाच्या बोटीवर स्वयंपाकी म्हणून लांबच्या सफरीला निघतो आहे. मावशी वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते. ती म्हणाली, "एवढं पाणी ओलांडायचं तर कागद करून जा." म्हणून पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता (घरात दबाव आणणारा मीच) हे मृत्युपत्र लिहितो. आधीचं एकही नसल्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. माझी सायकल ताईला. घंटी वाजत नाही, ओरडावं लागतं. इथे नोंदवतो की कॉम्प्युटरची विकतची प्रणाली सोडून घरात लिनक्सवर आलेली ताई पहिली. पोहण्याच्या वर्गाचं वेळापत्रक छापायच्या ऐन वेळी तिचा लॅपटॉप "अपडेट चालू आहे, बंद करू नका" म्हणत अडून बसला, तेव्हा ती म्हणाली, "घाल रे, तुझं ते काय ते." त्या दिवशी आनंदाने मी जेवायचंही विसरलो होतो.

कलम २. तंबू माझ्या मित्राला, ज्याला सगळे शंकासुर म्हणतात. तंबूची एक दोरी नदीकाठी तुटली, ती गोष्ट मोठी आहे, असो. अट अशी की तंबूबरोबर लिनक्सचा लाल पेनड्राइव्ह घ्यायचा आणि एकदा तरी त्यावरून कॉम्प्युटर सुरू करून बघायचा. आतलं काही पुसलं जात नाही, हे सांगून माझा घसा बसला. त्याचं आपलं एकच, "आणि प्रिंटर नाही चालला तर?" अरे, ताईचा चालला की.

कलम ३. हे मुख्य. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. त्यांचा कॉम्प्युटर रखडतो म्हणून सोमवारी तो भंगारात जाणार आहे. त्याला काहीही झालेलं नाही. परवा मी माझा लिनक्सचा दुसरा, निळा पेनड्राइव्ह लावून दाखवला, तर पठ्ठ्या लगेच उठून उभा राहिला. बाबा ब्रश धूत होते. वळलेही नाहीत.

"फुकटची वस्तू माझ्या दुकानात नको."

"फुकट नाही बाबा, मोकळी आहे. कोणीही उघडून बघावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी."

"तू पण मोकळाच आहेस. काय उपयोग झाला?"

त्याचं उत्तर इथे देतो. बाबा, कॉम्प्युटरमधला 'श' तुम्हाला बघवत नाही, मान मोडल्यासारखा दिसतो म्हणता. अक्षरं बनवायचा प्रोग्रामही असाच मोकळा मिळतो, तो मी पेनड्राइव्हवर घातलाय. ब्रशने काढलेला तुमचा 'श' त्यात घाला. मग कुठल्या कुठे कोणीतरी त्याच अक्षरात लिहील. लिनक्स माझ्या मालकीचं नाही, तेव्हा ते देणारा मी कोण. निळा पेनड्राइव्ह तेवढा माझा, तो बाबांना.

कलम ४. मावशी म्हणते, साक्षीदाराला या कागदातून काहीच मिळत नाही. हे ऐकताच शंकासुराने पेन मागून घेतलं. पेनड्राइव्ह टळला म्हणून खूश आहे. तंबूही गेला, हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही. कोणी सांगू नये. तंबूही ताईला. दुसरे साक्षीदार बाबा. स्वतःच म्हणाले, "आण इकडे, करतो सही."

पुरवणी. बाबांनी चष्मा लावून कलम तीन दोनदा वाचलं. मावशीने बोट ठेवून दाखवलं, "भावोजी, इथे."

"सही केली तर मला तो निळा मिळणार नाही ना?"

"नाही."

बाबांनी पेनाला टोपण लावून ते मावशीला दिलं. "मग तूच कर." आणि मला म्हणाले, "आता तू मरायची वाट बघत बसू का? उद्या चाललास. ये इकडे, 'श' कुठून घालायचा ते दाखव."

सबब कलम तीन माझ्या हयातीतच अमलात आलं. ते रद्द समजावं.

ठिकाण: पाट्यांच्या दुकानातलं मागचं टेबल, रंगाच्या डब्यांशेजारी.
दिनांक: बोट सुटण्याच्या आदला दिवस.

सही: मी. (अक्षर घाईचं आहे, बाबा हाका मारताहेत.)

साक्षीदार:
१. शंकासुर, औषधाच्या दुकानातला.
२. मावशी. हिला मुळात काहीच ठेवलेलं नव्हतं, ते तिने बोलून दाखवलं आहे.