पहिलटकरणीचं माहेर

पांढरकवडा तालुका,
१४ सप्टेंबर

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. बाबांचा गुडघा कसा आहे? माझी तब्येत छान. फोनवर तू "कधी येतेस?" याच्या पुढे सरकू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आमच्या दवाखान्याचं एक कोडं सांगते. दवाखाना संस्थेचा, पण सरकारच्या पैशावर चालतो. नियम असा की, बाईचं नाव इथे नोंदवलेलं हवं आणि बाळंतपणही इथेच व्हायला हवं, तरच पैसे. तपासणीचे साहेब चक्रावले. नावं भरपूर, बाळंतपणंही होतात, पण दोन्हींचा मेळ बसेना! मी म्हटलं, "साहेब, इथल्या सुना पहिल्या खेपेला माहेरी जातात. आणि इथे येतात त्या गावच्या लेकी, त्यांची नावं सासरी."

साहेब खो खो हसले. त्यांची मुलगीही सध्या माहेरीच आलीय म्हणे! पण नियम काही त्यांच्या हातात नाही. आकडा वाढला नाही तर मार्चनंतर बाळंतपणाची खोली बंद.

मला नवल वाटतं. जागलीला ठेवलेल्या माणसाला आपण किती डुकरं हाकललीस असं विचारतो का? तो शेतावर जागा राहिला, याचेच पैसे देतो ना? मग दवाखान्याला वेगळा न्याय का?

असो. आता आम्ही पहिलटकरणींना थांबा म्हणून गळ घालतो. तांड्यावरच्या जमनीलाही घातली. गेल्या साली तिची जाऊ पांढरकवड्याच्या वाटेवर जीपमध्येच बाळंत झाली होती, कारण त्या आठवड्यात आमची खोली बंद होती. जमनी माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "सिस्टर, तुमी सोता कोठी जासान? माहेरीच ना? मंग मले काहून थांब म्हणता?"

आई, मी तुला न विचारता सांगून टाकलं, "मी इथेच थांबणार."

हेच फोनवर सांगवत नव्हतं. सातव्या महिन्यात मी उमरखेडला येणार नाही. डॉक्टर म्हणतात, सगळं व्यवस्थित आहे. सासूबाई तर खुशीत आहेत: "विहीणबाई लेकीच्या सासरी बाळंतपण कराले आल्याचं आजवर पाह्यलं नाई, येऊ द्या त्याइले!"

तू रडशील. मीही रडतेय. माहेरपण मला नकोय असं नाही गं, फार हवंय. पण माहेर म्हणजे उमरखेडचं घर की तू, हे मला एकदा बघायचंय.

येशील ना?

तुझीच हट्टी,
निशिगंधा