नव्वद दिवस, एक कंबर

१ मार्च, सकाळी
अकरा वर्षं वृद्धनिवासात म्हाताऱ्यांना उठवतोय, बसवतोय, अंघोळ घालतोय. स्वतःचा आरोग्यविमा नाही. आता मिळणार! अट एकच: नव्वद दिवस एकही रजा नाही. मी म्हटलं, शंभर ठेवा. सुपरवायझरबाई म्हणाल्या, नव्वद पुरेत. घाबरल्या बहुतेक.

९ मार्च
सात नंबर खोलीतल्या आजोबांना एकट्याने उचललं. वजन ब्याण्णव किलो. नियम दोन माणसांचा, नाहीतर उचलायच्या मशीनचा. मशीन आमच्यासारख्यांना शोभत नाही. कटकन आवाज झाला. खुर्चीचा असेल.

१० मार्च
खुर्चीचा नव्हता.

२२ मार्च
बायको म्हणते, एक दिवस रजा घ्या, डॉक्टरला दाखवा. म्हणजे बावीस दिवस पाण्यात! विमा हवा तर आधी आजारी पडायचं नाही, हा नियम ज्याने काढला त्याने एकदा सात नंबरला उचलून दाखवावं. कंबर माझी आहे. मी सांगेन तशी वागेल.

११ एप्रिल
कंबर ऐकत नाही. मीही तिचं ऐकत नाही.
इथे पहिल्याच दिवशी शिकवतात, जे लिहिलं नाही ते केलंच नाही. कोण किती पाणी प्यालं, कोणाची कूस कधी बदलली, सगळं ड्यूटी-रजिस्टरमध्ये. मग माझाच पराक्रम का राहावा? आज लिहिलं: "कमरेत असह्य वेदना असूनही सर्वांना एकट्याने उचलले." खाली सही, वेळेसकट.

१२ एप्रिल
मोजे बायकोने घालून दिले. तात्पुरतं.

२ मे
रोज लिहितो. कालचं: "उजवा पाय बधिर. तरी हजर." सुपरवायझरबाईंनी विचारलं, हे नक्की लिहायचंय का तुम्हाला? ठणकावून सांगितलं, खरं लिहायला मी कोणाच्या बापाला भीत नाही.

१९ मे
सात नंबरचे आजोबा म्हणाले, तू वाकलास की मलाच कळ येते रे, ते मशीन आण. हट्टी म्हातारा. मी दाद दिली नाही. उचलायला गेलो, दोघेही पलंगावर आडवे. मग मशीन आलं. आधी मला उचललं.
हे रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. म्हणजे झालंच नाही.

२९ मे
नव्वद! जिंकलो. फॉर्म भरला. आधीचे आजार? "नाही." खाली दोन रेघा.

१७ जून, दुपारी
कार्ड आलं. फोटो झकास. डोळे, दात, हृदय, सगळं विम्यात. सोबत पत्र: कंबर आणि उजवा पाय दोन वर्षं वगळून, कारण दुखणं आधीचं. विमा कंपनीने ड्यूटी-रजिस्टर मागवलं होतं म्हणे. पुरावा म्हणून एक्केचाळीस पानांच्या झेरॉक्स. प्रत्येकीवर माझी सही, वेळेसकट.
बायकोने पत्र दोनदा वाचलं.
वाईट वाटलं. पण मी गप्प बसणाऱ्यातला नाही. उद्या ऑफिसात जाऊन जाब विचारणार. सकाळी नऊच्या ठोक्याला.
बायकोने मोजे घालून दिले की लगेच.