बाबांचं कासव

३ फेब्रुवारी
या खेपेला पाडायचं ठरलंय ते बसस्टँड! बाबांनी नकाशा काढून, उन्हात उभं राहून बांधून घेतलेलं. जुन्या इमारती वाचवणारी आमची समिती; पण कुणी हूं की चूं केलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "अहो, ते जुनं नाही, नुसतं कुरूप आहे." मग मी कुणाची मुलगी ते आठवलं असावं. चहा मागवला.

५ फेब्रुवारी
लोक त्याला कासव म्हणतात. सिमेंटचं एकच छप्पर, चार बुटके पाय, मध्ये खांब नाही. आज मी त्याच्याखाली बसून राहिले. कडेच्या फटीतून ऊन आत येतं, फरशीवरून सरकत जातं — आणि थंडीने आखडलेली माणसं बोलता बोलता उन्हामागे सरकतात. बाबांनी हे ठरवून केलं असेल?
घरी विचारलं. "फट बुजवायची राहून गेली," म्हणाले.

११ फेब्रुवारी
पाडण्यावरच्या हरकतींची सुनावणी. मी बोलले. बरं बोलले. मग बाबा उठले — मी बोलावलं नव्हतं! "छप्पर पहिल्या वर्षापासून गळतंय. मुताऱ्या चुकीच्या बाजूला आहेत. पाडा." टाळ्या पडल्या. पाडायचं नक्की झालं.
जेवताना म्हणाले, "बापाची कीव येऊन वाचवत होतीस. नको ते."
"कीव कसली? मला आवडतं ते."
बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "आधी सांगायचंस."

२ मार्च
सकाळपासून मशीन ठोकतंय. कासव ढिम्म.

४ मार्च
अजून ढिम्म. बाबा समोरच्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसतात. येईल त्याला ऐकवतात, "लोखंडात हात आखडता घेतला नव्हता!" इतके खुश कित्येक वर्षांत दिसले नव्हते.

५ मार्च
कंत्राटदार घरी. पार नरमलेला. "काका, घाव नेमका कुठे घालू?"
बाबांनी डोकं खाजवलं. "आठवत नाही बुवा."
तो जिना उतरला मात्र — कुठला पाय, कुठली सळई, मला सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. पोट धरून हसलो दोघं.

९ मार्च
छपराची एक कड फुटून लोंबतेय. सळ्या बाहेर आल्यात. उरलेलं तसंच उभं. मशीन चालूच.
बाबा लवकर घरी आले. खुर्ची तिथेच राहिली.

१० मार्च
सकाळी बाबांनीच कंत्राटदाराला फोन लावला. "मागचा डावा पाय. गुडघ्याशी." ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाल करून नको."
एका घावात कासव बसलं.