चादर पाहून होडी येते

कोरीडू बंगला, तळ्याकाठी
बुधवार, २८ सप्टेंबर १९६६

प्रिय टॉर्किलदादा,
सा. न. वि. वि.
झालं ते क्रमाने लिहिते.

१. शनिवारी, १७ तारखेला, आई आणि मी इथे पोहोचलो. बंगल्याची मालक असलेल्या इस्टेटीने भाड्याचा करार यंदाही बाबांच्या नावाने पाठवला होता. बाबांना जाऊन सात महिने झाले असं मी कळवणार होते, आईने कळवू दिलं नाही.
२. काल, मंगळवारी, सकाळी दहाला ग्लासगोमध्ये माझी मुलाखत होती. कॅनडात धरण बांधणाऱ्या कंपनीच्या कचेरीत नकाशे काढण्याची जागा.
३. त्यासाठी सोमवारी सकाळी सात वाजता मी होडीला खूण म्हणून धक्क्यावरच्या खांबाला पांढरी चादर बांधली.
४. होडी आली नाही.
५. सहा वाजता अंधारून आल्यावर चादर सोडली. दिवसभरात ०.६ इंच पाऊस.

मंगळवारी दुपारी मर्डो नावाडी या काठाला आला, पण आमच्यासाठी नाही. इस्टेटीच्या पाहुण्यांनी मारलेलं हरीण न्यायला आला होता. मी विचारलं तर उलट माझ्यावरच उखडला. म्हणाला, अगं पोरी, सोमवारी तुमच्या धक्क्यावर एक नाही, सात चादरी होत्या, मला वाटलं तुझ्या आईने धुणं घातलंय. गेल्या सोमवारी असंच धुणं पाहून तो पाऊण मैल वल्हवत आला होता, आणि आईने त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं, असं म्हणाला.

खरं आहे. मी चादर बांधलेल्या खांबापासून कुंपणापर्यंत आईने दोरी लावून सहा चादरी घातल्या होत्या. मी तेव्हा वर सामान बांधत होते, मग दुर्बीण घेऊन खिडकीत बसले. माझं लक्ष पलीकडच्या काठावर होतं, आमच्या काठावर नव्हतं. त्या सहा मला संध्याकाळी चादर सोडतानाच दिसल्या. ती चूक माझी.

चालत जायचं तर वळसा अकरा मैलांचा. शिकारीचे दिवस असल्यामुळे २० ऑक्टोबरपर्यंत भाडेकरूंनी डोंगरात पाऊल ठेवायचं नाही, असं करारात आहे, आणि ओढा छातीपर्यंत चढलाय. चादरीवर मर्डोचा आता विश्वास नाही. टपाल आणि वाणसामान घेऊन तो दर गुरुवारी येतो, तेवढीच वाट. उद्याच्या गुरुवारी मी निघू शकले असते, पण या काठाला कुणालाही एकटं राहू द्यायचं नाही असा इस्टेटीचा नियम आहे, आणि सोमवारी दोन रात्रींसाठी पलीकडे यायला कबूल झालेली आई आता तयार नाही. आपण महिन्यासाठी आलोय, महिना भरू दे, म्हणते.

कंपनीच्या साहेबांना दुसरी तारीख मागितली आहे. इस्लावहिनी आणि छोटी कशा आहेत? लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
मार्सली


पर्थ
सोमवार, ३ ऑक्टोबर

चि. मार्सली हिस,
अ. उ. आ.

हे पत्र की पोलिसांचा पंचनामा? इस्लाने पहिली ओळ वाचून मला विचारलं, अहो, कोण गेलं? छोटीला तिसरा दात येतोय. त्याचाही क्रमांक टाकून अहवाल पाठवू का?

अगं, आईचं सोमवारचं धुणं आपल्या दोघांच्याही आधीपासूनचं आहे. सोमवारी राणीसाहेब दारात आल्या असत्या तरी आईने त्यांच्या हातात चिमटे दिले असते. तुझ्या नशिबी तो सोमवार आला, दुसरं काय. साहेब दुसरी तारीख देतील. तुझ्यासारखी सरळ रेघ मारणारी बाई त्यांना कुठे मिळणार?

थोडं आईकडेही बघ. बाबांशिवाय हा तिचा पहिला शरद. वीस वर्षं दोघं त्याच खिडकीत बसून एकमेकांशी भांडत आले. मी येऊन राहिलो असतो, पण शाळा सुरू आहे, छप्पर गळतंय, इस्लाला एकटीला जमत नाही. तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे.

एकच विचारतो. सोमवारी एवढा पाऊस होता तर आईने धुणं बाहेर का घातलं? जाऊ दे, मी मास्तर, मला धुण्यातलं काय कळतं.

राग धरू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझा,
टॉर्किलदादा


कोरीडू
गुरुवार, ६ ऑक्टोबर

चि. टॉर्किल यास,
अनेक आशीर्वाद. माझं गुडघ्याचं दुखणं आहे तसंच आहे. ओटची लापशी आणि मटणाचं सूप दोन्ही वेळा होतं, तेव्हा काळजी नको. सुनेला सांग, छोटीच्या हिरड्यांना थंड चमचा लाव, बाटलीतलं औषध नको.

मार्सली तळ्यावर पाणी मोजायला गेलीय आणि मर्डो अजून निघालेला नाही, तेवढ्यात लिहिते. हे पत्र तिला दाखवू नकोस. त्या सोमवारच्या चादरी धुतलेल्या नव्हत्या रे. कपाटातून कोरड्या काढल्या आणि पावसात नेऊन घातल्या. तिने एक बांधली होती, मी तिच्या शेजारी सहा घातल्या. मला वाटलं, एक दिवस जाईल, मुलाखत टळेल, मग तिचं तिलाच वाटेल की राहावं. पण ती दिवसभर खिडकीत ताठ बसली. मी सूप नेलं तर, ठेव तिथे, म्हणाली. रडली असती तर मी मर्डोला हाका मारत पाण्यात उतरले असते. पण ती पोर लहानपणीसुद्धा रडायची नाही, तुला ठाऊकच आहे.

आज टपालात तिला लांब पाकीट आलंय. दोनदा वाचलं, घडी घातली आणि जेवताना माझ्याकडे मीठ मागितलं. बास, एवढंच बोलली.

तू मोठा भाऊ आहेस, तू तिला समजाव. कॅनडात गेलेली तुझी मावशी परत आली का? तिच्या सामानाची पेटी तेवढी आली. आणि मी हा बंगला ११ नोव्हेंबरपर्यंत घेतलाय. इस्टेटीच्या कारभाऱ्याला मागच्या आठवड्यात मर्डोबरोबर चिठ्ठी पाठवली. मार्सलीला अजून सांगितलेलं नाही. थंडी पडली की सांगेन.

तुम्हा सगळ्यांना पोटाशी धरते.

तुझी,
आई


कोरीडू
गुरुवार, १३ ऑक्टोबर

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

मर्डो स्वयंपाकघरात चहा पितोय. त्याचा दुसरा कप संपेपर्यंत हे पत्र पुरं करायचं आहे.

तुझं पाकीट आज मिळालं. त्यात तुझ्या चार ओळी आणि आईचं पत्र. ते तू चुकून घातलंस की मुद्दाम, हे मी विचारत नाही. तुझ्या चार ओळींत तू मला समजावलेलं नाहीस, याबद्दल आभार.

आईला मी काही बोलले नाही. बोलून बघितलं मनात. प्रत्येक वेळी तिचं उत्तर बरोबर निघतं. नवरा गेला, मुलगा पर्थला, मुलगी समुद्रापलीकडे. मग चादरी घालण्याशिवाय तिने करायचं तरी काय? पण तिचं बरोबर आहे म्हणून माझं चूक ठरत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मी त्यांच्या मध्ये एका खोलीत राहते आहे. खोली बारा फूट बाय दहा.

११ नोव्हेंबरचं मला तुझ्या पाकिटातूनच कळलं. इथे पहिला बर्फ शिखरांवर कालच पडला.

गेल्या आठवड्यापासून ती जाड लोकरीचं काहीतरी विणते आहे. कुणासाठी, विचारलं तर म्हणाली, टॉर्किलसाठी. खांदे मात्र माझे मोजले. वर म्हणाली, तुम्हा दोघांचे सारखेच आहेत. नाहीत. तुझे माझ्यापेक्षा अडीच इंचांनी रुंद आहेत. याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलेलं नाही. तिलाही कळलं असेल असं वाटत नाही.

कंपनीच्या साहेबांनी दुसरी तारीख दिली आहे: शुक्रवार, २१ ऑक्टोबर, दुपारी दोन. त्या रात्री ते परत निघतात, तिसरी तारीख नाही. डोंगराची वाटही २१लाच खुली होते, पण त्या दिवशी चालत निघून दोन वाजता ग्लासगो गाठता येत नाही. मी हिशोब करून पाहिला. म्हणजे २० तारखेच्या होडीने निघणं भाग आहे.

आईला एकटं सोडून मी निघणार नाही. तो नियम इस्टेटीचा आहे, पण नसता तरी नसते निघाले. तेव्हा तू ये. आठ दिवस राहा, किंवा तिला आगगाडीने पर्थला ने, ते तुम्ही दोघं ठरवा. येणार असशील तर २० तारखेला मर्डोच्या होडीतून तू उतर, त्याच होडीत मी बसेन. येणार नसशील तर त्याच होडीतून एका शब्दात तसं कळव. मग मर्डो चहा पीत असताना मी साहेबांना लिहीन की माझी वाट पाहू नये, आणि थंडीसाठी लाकडं फोडायला घेईन.

शाळा, छप्पर, दात, सगळं मला माहीत आहे. ते पुन्हा लिहू नकोस. समजूतही घालू नकोस. हो किंवा नाही, एवढंच.

मर्डोने कप पालथा घातला. आहे तो लोभ आहे तिथेच असू दे. उत्तर गुरुवार, २० ऑक्टोबरच्या होडीने माझ्या हाती यावं.

तुझी,
मार्सली